गाडी नेमकी कोणत्या सालची? चेसिस नंबरवरून उत्पादनाचं वर्ष काढण्याची रीत

जुनी गाडी विकणारा "वीसची गाडी आहे" म्हणतो, तेव्हा तो बहुतेक वेळा पासिंगचं साल सांगत असतो. गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली हे त्याने सांगितलेलं नसतं आणि घेणाऱ्यानेही विचारलेलं नसतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये बनलेली गाडी यार्डात तीन-चार महिने उभी राहिली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पासिंग झाली, तर विकणारा खोटं बोलला असं म्हणता येत नाही. पण उद्या तीच गाडी तुम्ही विकायला काढली की समोरचा डीलर आरसी हातात घेऊन "ही तर एकोणीसची" म्हणत भाव पाडणार. घेतानाच हे कळलं असतं तर तेवढे पैसे तुम्ही पाडून घेतले असते.

सगळा गोंधळ तीन तारखा एकत्र केल्याने होतो. उत्पादनाचा महिना म्हणजे गाडी कारखान्यात तयार झाली तो महिना. पासिंग म्हणजे आरटीओत पहिली नोंदणी झाली तो दिवस. मॉडेल इयर ही मुख्यतः अमेरिकेची पद्धत. तिथे ते कंपनी ठरवते आणि ते कॅलेंडरच्या पुढेही असू शकतं. भारतात विकलेल्या गाडीसाठी पहिल्या दोन तारखा पुरतात. तिसरी लागते ती आयात गाडीला, किंवा तुम्ही परदेशात गाडी घेत असाल तर.

काय काय जवळ हवं

कागद: आरसी (स्मार्ट कार्ड किंवा डिजिलॉकरमधली, झेरॉक्स नको), चालू विमा पॉलिसी, मिळालं तर शोरूमचं मूळ बिल आणि फॉर्म २१, सर्व्हिसची बिलं. फॉर्म २१ म्हणजे डीलरने दिलेलं विक्रीचं प्रमाणपत्र. त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. पहिल्या मालकाने फाइल नीट ठेवली असेल तर हा कागद सापडतो.

साहित्य: टॉर्च, जुनं फडकं, जुना टूथब्रश, मोबाईलचा कॅमेरा, मऊ पेन्सिल आणि पातळ कागद.

१. आरसीवरची दोन सालं वेगवेगळी वाचा

आरसीवर नोंदणीची तारीख एका ठिकाणी आणि उत्पादनाचा महिना-वर्ष दुसऱ्या ठिकाणी असतं. कार्डावर अक्षर बारीक असतं, म्हणून बहुतेकांची नजर फक्त नोंदणीच्या तारखेवर जाते. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून तीच माहिती ताडून बघा. तिथे चेसिस नंबरचा काही भाग झाकलेला दिसतो. पूर्ण नंबर मालकाच्या आरसीवरूनच घ्या.

दोन तारखांत एक ते तीन महिन्यांचं अंतर नेहमीचं. सहा महिन्यांच्या वर गेलं तर विचारा: स्टॉक पडून होता, की डेमो गाडी होती? दोन्हीत गैर काही नाही, फक्त किंमत त्या हिशेबाने हवी.

नंबर प्लेटवरून साल ओळखायची सवय मात्र सोडा. "एमएच १२ ची अमुक सिरीज म्हणजे अमुक साल" हा अंदाज पुण्यात पहिल्यांदा पासिंग झालेल्या गाडीला कसाबसा लागू पडतो. दिल्लीहून किंवा कर्नाटकातून आणून इथे पुन्हा नोंदवलेल्या गाडीला इथल्या चालू सिरीजमधला कोराकरकरीत नंबर मिळतो आणि दहा वर्षांची गाडी दोन वर्षांची वाटते. बीएच म्हणजे 'भारत' सिरीजच्या नंबरात (राज्य बदललं तरी चालणाऱ्या) सुरुवातीचे दोन अंक साल सांगतात, पण तेही पहिल्या नोंदणीचं, उत्पादनाचं नाही.

२. चेसिस नंबर गाडीवर शोधा

कागदावरचा नंबर वाचून थांबू नका. पत्र्यावर पंच केलेला नंबर बघायचाच. जागा मॉडेलप्रमाणे बदलते: बॉनेट उघडल्यावर मागच्या आडव्या पत्र्यावर, सस्पेन्शनच्या टॉवरवर, किंवा पुढच्या सीटखाली कार्पेटमध्ये कापलेली छोटी झडप उचलली की खाली. वेगळी फ्रेम असलेल्या गाड्यांत, म्हणजे बोलेरोसारख्या, तो फ्रेमच्या लोखंडी पट्टीवर पुढच्या चाकाजवळ असतो आणि वर चिखलाचा थर असतो. टूथब्रश त्यासाठीच. नेमकी जागा ओनर्स मॅन्युअलमध्ये चित्रासह दिलेली असते.

याशिवाय दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली एक प्लेट वा स्टिकर असतं. ते वाचायला सोपं, पण काढून दुसरं लावायलाही सोपं. म्हणून पंच केलेला नंबर, प्लेट आणि आरसी, तिन्ही जुळले पाहिजेत.

टॉर्च समोरून मारू नका, बाजूने तिरपी धरा. खरा पंच एका ओळीत, सारख्या खोलीचा असतो. आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे, वेल्डिंगची रेघ, फक्त तेवढ्याच पट्ट्यात ताजा रंग किंवा पुट्टी दिसली, एखादा अंक इतरांपेक्षा खोल गेलेला असला (३ चा ८ आणि १ चा ४ करणं सोपं असतं), तर व्यवहार तिथेच थांबवा. गंजामुळे नंबर खराब होऊन आरटीओच्या परवानगीने पुन्हा पंच केल्याची उदाहरणं असतात, पण मग त्याचा कागद असतो. कागद नाही तर गाडी नाही.

नंबर पुसट असेल तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी घासा. आरटीओच्या कामासाठी एजंट चेसिसचा छाप असाच काढतात. डोळ्याला न दिसणारा अंक कागदावर उमटतो.

३. सतरा जागा मोजा

आताच्या गाड्यांचा चेसिस नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो. आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं त्यात कधीच येत नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. म्हणजे गोल दिसलं की ते शून्यच आणि उभी रेघ दिसली की एकच. एखाद्याने टाइप करून पाठवलेल्या नंबरात ओ असेल तर तो नंबर चुकीचा उतरवला आहे.

पहिल्या तीन जागा उत्पादकाच्या. भारतात बनलेल्या बहुतेक कारचा नंबर एम या अक्षराने सुरू होतो: एम-ए-३ म्हणजे मारुती सुझुकी, एम-ए-टी टाटा, एम-ए-१ महिंद्रा, एम-ए-एल ह्युंदाई, एम-ए-के होंडा, एम-बी-जे टोयोटा किर्लोस्कर. नंतरच्या सहा जागांत मॉडेल, बॉडी, इंजिन वगैरे प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या भाषेत. शेवटच्या आठ जागा त्या एका गाडीच्या, आणि त्यातली पहिली, म्हणजे एकूण दहावी, बहुतेक वेळा वर्षाची. अकरावी साधारणपणे कारखान्याची.

समजा सतरा जागांच्या नंबरात शेवटच्या आठ जागा एल-ए-४-५-६-७-८-९ अशा आहेत. एल हे वर्ष. पण ही मागून मोजायची युक्ती नंबर बरोबर सतरा जागांचाच असेल तरच चालते. काही कंपन्या सतरा जागांच्या पुढे आणखी एक-दोन खुणा जोडतात आणि आरसीवर तो सगळा लांबलचक नंबर छापलेला असतो. तिथे मागून मोजलंत तर भलतंच अक्षर हाती येतं. म्हणून पुढूनच मोजा, तीन-तीनचे गट पाडून. तीन गट झाले की नऊ, चौथ्या गटाचं पहिलं अक्षर दहावं.

४. दहावी जागा वाचा

वर्षासाठी आय, ओ, क्यू यांच्याबरोबर यू, झेड आणि शून्यही वापरत नाहीत. उरतात तीस खुणा, म्हणून दर तीस वर्षांनी तीच खूण परत येते.

१९९५ एस, १९९६ टी, १९९७ व्ही, १९९८ डब्ल्यू, १९९९ एक्स, २००० वाय.

२००१ ते २००९ साठी १ ते ९ हे अंक. २००६ ला ६, २००९ ला ९.

२०१० ए, २०११ बी, २०१२ सी, २०१३ डी, २०१४ ई, २०१५ एफ, २०१६ जी, २०१७ एच.

२०१८ जे, २०१९ के, २०२० एल, २०२१ एम, २०२२ एन, २०२३ पी, २०२४ आर, २०२५ एस, २०२६ टी.

घसरगुंडी तीन ठिकाणी आहे. एच नंतर थेट जे येतो, आय नाही. एन नंतर थेट पी, आणि पी नंतर थेट आर. बोटांवर मोजत गेलात तर २०१८ पासून पुढे एक वर्ष चुकतं आणि २०२३ पासून आणखी. तक्ता मोबाईलमध्ये ठेवा, डोक्यात नको.

तीस वर्षांच्या फेऱ्याचा त्रास प्रत्यक्षात कमी होतो. १९९५ ची गाडी आणि २०२५ ची गाडी यांत कोणी गोंधळणार नाही. गोंधळतात त्या इंटरनेटवरच्या फुकट वेबसाइट्स: २०१९ ची गाडी १९८९ ची सांगतात. शिवाय त्या नवव्या जागेवरच्या पडताळणीच्या अंकाचं गणित करून "नंबर अवैध" असा लाल शेरा देतात. तो अंक उत्तर अमेरिकेत सक्तीचा आहे. इथल्या कंपन्या त्या जागी स्वतःचं काहीही ठेवू शकतात. त्या लाल शेऱ्यावरून विकणाऱ्याशी भांडू नका.

आणि हे नीट लक्षात असू द्या: दहाव्या जागी वर्ष असलंच पाहिजे असा जगभरचा नियम नाही. युरोपातल्या मर्सिडीजमध्ये दहाव्या जागी स्टीअरिंगची बाजू असते, १ म्हणजे डावीकडे, २ म्हणजे उजवीकडे. तक्ता लावून ती गाडी २००२ ची ठरवणारे लोक आहेत. फोर्डच्या युरोपीय पद्धतीत वर्ष अकराव्या जागी आणि महिना बाराव्या जागी येतो. कुठे दहाव्या जागी सरळ शून्य दिसतं, जी वर्षाची खूणच नाही. अशा वेळी जबरदस्तीने साल काढू नका, पाचव्या पायरीतल्या मार्गाने जा.

५. महिना कंपनीकडून काढून घ्या

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२२ सांगतो की गाडीवर ओळख क्रमांकाबरोबर (म्हणजेच चेसिस नंबरबरोबर) उत्पादनाचा महिना आणि वर्ष कोरलेलं असलं पाहिजे. पण नंबरात महिन्याची जागा कंपनीगणिक बदलते. बऱ्याच ठिकाणी जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी असा क्रम ऑगस्टच्या एचपर्यंत सरळ चालतो. सप्टेंबरपासून पुढे प्रत्येकाची अक्षरं निराळी. व्हॉट्सॲपवर फिरणारे "सर्व कंपन्यांचे महिना कोड" हे तक्ते एकमेकांशीच जुळत नाहीत, त्यांच्या भरवशावर पैसे देऊ नका.

सोपा उपाय म्हणजे त्या कंपनीचं कुठलंही अधिकृत सर्व्हिस सेंटर. सर्व्हिस ॲडव्हायझरला पूर्ण चेसिस नंबर द्या आणि तीन गोष्टी विचारा: उत्पादनाची तारीख, विक्रीची म्हणजे वॉरंटी सुरू झाल्याची तारीख, आणि शेवटच्या सर्व्हिसचं किलोमीटर. नुसत्या फोनवर सहसा सांगत नाहीत. मालकाला बरोबर न्या किंवा गाडी तपासणीला लावा. तपासणीचे पैसे जातात, पण किलोमीटर मागे फिरवलं असेल तर तेही तिथेच उघड होतं.

६. सुट्या भागांवरच्या तारखांशी ताळा घ्या

नंबरात फेरफार करणारा माणूस गाडीचे सगळे सुटे भाग बदलत नाही. नियम एकच: भाग गाडीच्या आधी बनतो. गाडीच्या उत्पादनापूर्वीच्या काही आठवड्यांची वा महिन्यांची तारीख म्हणजे ठीक. नंतरची तारीख म्हणजे तो भाग बदललेला. आणि बरेचसे भाग एकमुखाने वर्षभर आधीचं साल सांगत असतील, तर कागदावरचं साल संशयास्पद.

टायर: बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चालू टायर बदललेले असतात, म्हणून डिकीतली स्टेपनी बघा. ती बहुधा कंपनीची असते. तारखेचे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात. वर दिसले नाहीत तर स्टेपनी उलटी करा.

काचा: प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यात सालाचा शेवटचा अंक आणि शेजारी टिंबं असतात. टिंबांवरून महिना काढायची रीत प्रत्येक काच कंपनीची वेगळी, त्यात वेळ घालवू नका. फक्त अंक बघत गाडीभोवती एक चक्कर मारा. सगळीकडे ९ आणि ड्रायव्हरच्या मागच्या दारावर २ असेल तर ती काच बदलली आहे. का बदलली, हे त्या दाराचा रबर आणि स्क्रू बघून कळेल.

सीट बेल्ट: पट्टा पूर्ण बाहेर ओढा. खालच्या टोकाजवळ शिवलेल्या लेबलवर बहुधा तारीख असते. मागचे पट्टे २०१८ चे आणि पुढचे दोन्ही २०२१ चे असतील तर साल बाजूला ठेवा आणि अपघाताची चौकशी करा. एअरबॅग उघडल्यावर पुढचे पट्टेही बदलावे लागतात.

प्लास्टिक: हे फार कमी लोक बघतात आणि सगळ्यात उपयोगी हेच. एअर फिल्टरच्या झाकणाची आतली बाजू, हेडलाइटची पाठ, चाकावरच्या काळ्या अस्तराची आतली बाजू इथे रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, साच्यातच उठवलेलं एक वर्तुळ सापडतं. कडेने १ ते १२, मधे बाण आणि बाणाच्या दोन बाजूंना सालाचे दोन अंक. बाण १० वर आणि मधे १ व ९ असेल तर तो तुकडा ऑक्टोबर २०१९ मध्ये ओतलेला. अशी चार-पाच वर्तुळं शोधून फोटो काढा. ती बदलायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

७. कायद्याच्या तारखांवरूनही पकडता येतं

१ जुलै २०१९ पासून बनलेल्या कारला ड्रायव्हरची एअरबॅग, वेगाची सूचना देणारा बीप, सीट बेल्टची आठवण आणि मागचे पार्किंग सेन्सर बंधनकारक झाले. डिसेंबर २०१९ चं उत्पादन म्हणून दाखवलेली गाडी ताशी ८० च्या वर गेल्यावर बीप करत नसेल आणि मागच्या बंपरला सेन्सर नसतील, तर एक तर कोणीतरी काढलेत किंवा साल खोटं आहे. टेस्ट ड्राइव्ह घेताना एकदा हायवेवर न्याच.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे गाडीच्या धुराचं नवं मानक लागू झालं. बीएस-४ गाडीची पहिली नोंदणी त्यानंतरची दिसत असेल तर आरटीओत जाऊन खात्री केल्याशिवाय टोकन देऊ नका. बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आहे, हेही जुन्या गाडीसाठी उपयोगी पडतं.

८. साल जुळलं नाही तर

फक्त आरसीवर उत्पादनाचा महिना चुकीचा पडला असेल, म्हणजे पंच, प्लेट, फॉर्म २१ सगळे एक सांगतात आणि आरसी दुसरं, तर ती बहुधा डेटा भरतानाची चूक. दुरुस्ती मालकाने त्याच्या आरटीओत स्वतःच्या नावावर गाडी असतानाच करून घ्यायची. "ट्रान्सफर झाल्यावर करू" म्हटलं की ती डोकेदुखी तुमची झाली. एनओसी घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात न्यायची असेल तर अजूनच.

पंच केलेला नंबरच आरसीशी जुळत नसेल तर दुरुस्तीचा विषय नाही. गाडी चोरीची किंवा दोन गाड्या जोडून बनवलेली असू शकते. टोकन दिलं असेल तर परत मागा. मिळेना तर पोलीस ठाण्यात जा, पण ती गाडी घरी आणू नका.

दिल्ली परिसरातून येणाऱ्या डिझेल गाड्या स्वस्त का असतात याचं कारण तिथे डिझेल गाडीच्या वयाला लावलेली दहा वर्षांची मर्यादा. ती मर्यादा आणि महाराष्ट्रातला पंधरा वर्षांनंतरचा पर्यावरण कर, दोन्ही पहिल्या नोंदणीपासून मोजतात. तेव्हा इथे उत्पादनाचं साल नव्हे, पासिंगची मूळ तारीख बघा, इथल्या नव्या नंबरची नव्हे.

अमेरिकेत गाडी घेणाऱ्यांसाठी

तिथे दहावी जागा सक्तीने मॉडेल इयरची असते, आणि २०२५ चं मॉडेल २०२४ मध्ये बनलेलं असणं रोजचंच. तीस वर्षांचा फेरा सोडवायला कार आणि हलक्या वाहनांत सातवी जागा बघतात: तिथे अंक असेल तर २००९ पर्यंतची, अक्षर असेल तर २०१० नंतरची. नंबर ड्रायव्हरच्या बाजूने विंडशील्डमधून दिसतो. खरा उत्पादनाचा महिना ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या लेबलवर असतो. सरकारी संस्था एनएचटीएसएचा डीकोडर फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटकडे निदान सालासाठी जायची गरज नाही. जपानमधून वापरलेली गाडी आणत असाल, आफ्रिकेत किंवा न्यूझीलंडमध्ये हे सर्रास होतं, तर तिला सतरा जागांचा नंबर नसतोच. मॉडेलचा कोड, मधे आडवी रेघ आणि अनुक्रमांक एवढंच, त्यात साल नाही. तिथे जपानमधले निर्यातीचे कागदच बघावे लागतात.

विमा भरताना

ऑनलाइन फॉर्ममध्ये उत्पादनाचं वर्ष आणि नोंदणीची तारीख असे दोन वेगळे रकाने असतात. एजंट घाईत दोन्हीकडे पासिंगचं साल टाकतात. गाडीचं वय जसं वाढतं तशी आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, घटते: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५० टक्के घसारा. पॉलिसी आली की चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि दोन्ही सालं आरसीशेजारी ठेवून अक्षरनअक्षर तपासा. चूक दिसली तर लगेच ईमेल करून एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतली लेखी दुरुस्ती, मागा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर पहिल्यांदा तेच जुळवून बघतो.